अक्षरांची संख्या करितांना

यंत्रांत "50" लिहिलें म्हणजे पन्नास झाले असें नव्हे. संगणकास तीं ५३ व ४८ या सांकेतिक क्रमांकांचीं दोन अक्षरें होत. 'सी' भाषेंतील 'एटोआय' त्यांची संख्या करितें. परंतु शून्याऐवजीं चुकून इंग्रजी 'ओ' हें अक्षर पडल्यास तें निमूटपणें ५ सांगतें, आणि "आंबा" दिल्यास ०! हें औषधाचें माप असतें तर?

म्हणून 'स्ट्रटोल' वापरावें. वाचन कोठें थांबलें तें हें दाखवितें. आरंभींच थांबलें तर अंकच नाहींत. शेवटापूर्वीं थांबलें तर मागें परकीं अक्षरें आहेत. संख्या मावली नाहीं तर 'एररनो' या स्थळीं खूण उमटते. यास्तव तें आधीं शून्य करून ठेवावें. जो आपली अडचण सांगतो, त्याचेंच उत्तर विश्वासार्ह होय.