स्प्रेड विचारा: गुरुग्राममध्ये घर घेताना

नोकरीसाठी गुरुग्रामला आलेली मराठी मंडळी द्वारका एक्स्प्रेसवेला किंवा सोहना रोडला फ्लॅट बघू लागली की व्याजदराची चौकशी करतात. रिझर्व्ह बँकेच्या रेपो दरावर बँक जी जादा टक्केवारी लावते, तो स्प्रेड मात्र फार थोडे जण विचारतात.

काय करावे

• मंजुरीपत्रात रेपो आणि स्प्रेड वेगवेगळे लिहून घ्या. रेपो ५.२५ धरला, तर २.७५ स्प्रेडला व्याज ८ टक्के पडते आणि ३.२५ ला साडेआठ. ५० लाखांच्या २० वर्षांच्या कर्जावर हप्त्यात सुमारे १,५७० रुपयांचा फरक पडतो. मुदतभरात पावणेचार लाखांहून जास्त.

• कर्ज जुने असेल तर नव्या ग्राहकाला आज काय स्प्रेड मिळतो ते विचारा आणि कमी करण्याचा लेखी अर्ज द्या. पत खालावल्याशिवाय बँकेला जोखमीपोटीचा भाग वाढवता येत नाही. स्प्रेडचे बाकीचे भाग तीन वर्षांतून एकदाच बदलता येत. ऑक्टोबर २०२५पासून ग्राहकाच्या फायद्यासाठी ते आधीही घटवण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही, म्हणून मागावेच लागते.

• ऐकले नाही तर कर्ज दुसऱ्या बँकेत न्या. स्वतःच्या नावावरच्या बदलत्या दराच्या गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. नव्या बँकेची प्रोसेसिंग फी तेवढी हिशेबात धरा.

काय टाळावे

• गृहवित्त कंपनीचे कर्जही रेपोला जोडलेले असेल असे गृहीत धरू नका. दर रेपोसारख्या बाह्य मापदंडाला जोडण्याची १ ऑक्टोबर २०१९पासूनची सक्ती बँकांवर आहे.

• दलालाने सांगितलेल्या ‘सरासरी भावा’वर बोली लावू नका. दहातले नऊ फ्लॅट एकेक कोटीला आणि एक ११ कोटींना गेला, तर सरासरी दोन कोटी निघते. त्या भावाला एकही फ्लॅट विकलेला नसतो. गोल्फ कोर्स रोडवरच्या ‘द कॅमेलियाज’मधले एक पेंटहाउस २०२४च्या डिसेंबरमध्ये १९० कोटींना गेले. अशा शहरात भाव किती पसरलेले आहेत हे आधी पाहावे लागते. त्याच सोसायटीतल्या अलीकडच्या व्यवहारांचा सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि मधला आकडा मागा.

• डाउन पेमेंटसाठी कमी उलाढालीचे शेअर ‘मार्केट ऑर्डर’ने, म्हणजे मिळेल त्या भावाला, विकू नका. घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या भावात तिथे मोठी फट असते. किमान भाव ठरवून ‘लिमिट ऑर्डर’ लावा.