गायगर गणकासाठी नळीची निवड

प्रस्तावना

रायपूरचा गोल बाजार ही शहरातील जुनी बाजारपेठ आहे. घरोघरी वीज पोहोचण्यापूर्वी अशा बाजारपेठांतून गॅसबत्त्या आणि त्यांचे मेंटल विकत घेतले जात. लग्नाच्या वरातीत डोक्यावर मिरवणाऱ्या बत्तीचा शुभ्र प्रकाश मेंटलमधील थोरियममुळे मिळत असे. थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य आहे. परंतु त्याचे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला जाणवत नाहीत. ते ओळखण्याचे सोपे साधन म्हणजे गायगर गणक. हा गणक सुट्या भागांच्या संचातून घरीही जोडता येतो. त्यासाठी योग्य नळी कशी निवडावी, याचा विचार या पाठात केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही :
• गायगर नळीचे कार्य सांगू शकाल;
• हेतूनुसार नळी व संच निवडू शकाल;
• गणकाने दाखविलेल्या आकड्याच्या मर्यादा स्पष्ट करू शकाल.

१. नळीचे कार्य

हान्स गायगर आणि वॉल्टर म्युलर यांनी १९२८ मध्ये या नळीला आजचे रूप दिले. नळीत कमी दाबाचा वायू भरलेला असतो आणि मधोमध एक बारीक तार असते. तार व भिंत यांच्यामध्ये सुमारे ४०० व्होल्ट विभवांतर ठेवतात. किरणामुळे वायूच्या एका अणूचे जरी आयनीभवन झाले, तरी सुट्या झालेल्या इलेक्ट्रॉनपासून इलेक्ट्रॉनांचा लोंढा निर्माण होतो आणि विजेचा एक ठोका उमटतो. हे ठोके मोजणे एवढेच गणकाचे काम. ठोका अल्फा किरणाचा की गॅमा किरणाचा, हे नळी सांगत नाही.

२. भिंत कशाची?

अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात, बीटा किरण पातळ धातूतून काही प्रमाणात पार होतात आणि गॅमा किरण सहज पार होतात. म्हणून नळी निवडताना पहिला प्रश्न भिंतीचा विचारावा.

एसबीएम-२० ही सोव्हिएत काळातील नळी पोलादी आहे. तिची भिंत मिलिमीटरच्या सुमारे विसाव्या भागाएवढी पातळ असते. ती गॅमा व जोरकस बीटा किरण मोजते. अल्फा मोजत नाही. ती मजबूत असल्याने नवशिक्यास सोयीची आहे. जे३०५ ही चिनी नळी काचेची असते. तीही अल्फा मोजत नाही आणि तिला धक्क्यापासून जपावे लागते. एलएनडी ७१२ या अमेरिकी नळीच्या एका टोकाला अभ्रकाची अतिशय पातळ खिडकी असते. तिच्यातून अल्फा किरणही आत जातात. मात्र ती महाग असून खिडकीला बोट लागले तरी फुटू शकते.

३. संच निवडताना

नळीला हवे तेवढे विभवांतर संचातील परिपथ स्थिरपणे देतो का, हे पाहावे. एसबीएम-२० ला ४०० व्होल्ट, तर एलएनडी ७१२ ला ५०० व्होल्ट लागतात. तारेच्या जोडणीत सुमारे पाच मेगओहमचा रोध असावा. तो नसल्यास नळी लवकर खराब होते. हे विभवांतर साध्या मल्टिमीटरने मोजल्यास प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते, कारण मीटर स्वतःच परिपथावर भार टाकतो. परिपथ बंद केल्यावरही धारित्रात वीज साठून राहते. म्हणून लगेच हात लावू नये.

४. आकड्याचा अर्थ

माती, भिंती व अवकाश यांतून सर्वत्र थोडा किरणोत्सर्ग येतच असतो. समजा, जवळ काहीही नसताना मिनिटाला सरासरी २० ठोके पडतात. एका मिनिटाच्या मोजणीत हा आकडा सहज चार-पाचने कमी-जास्त होतो. दहा मिनिटे मोजून सरासरी काढल्यास ही अनिश्चितता दीडपर्यंत उतरते. म्हणून घाईने निष्कर्ष काढू नये.

आता थोरियमचा मेंटल प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवून नळीजवळ आणावा; ठोके वाढतील. मेंटल चुरगाळू नये, कारण त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे. अलीकडील अनेक मेंटलांत थोरियम नसते. तेव्हा ठोके वाढले नाहीत, तर दोष गणकाचाच आहे असे समजू नये.

ठोक्यांचे मात्रेत रूपांतर करणारा गुणक प्रत्येक नळीसाठी वेगळा असतो. नळी बदलून गुणक तोच ठेवल्यास पडद्यावरची मात्रा चुकीची ठरते.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा पुढील घटनेतून कळते. २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील एक जुने प्रारण-उपकरण भंगारात विकले गेले. मायापुरी येथे ते तोडताना त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला आणि इतर काही जण गंभीर आजारी पडले. अशा तीव्र किरणोत्सर्गात साधी नळी गुदमरते. प्रत्येक ठोक्यानंतर ती सुमारे दोनशे मायक्रोसेकंद काहीच नोंदवू शकत नाही. किरण फारच वाढले, तर आकडा खाली येतो, कधी शून्यही होतो. म्हणून भंगारात शिशाचे जड पात्र किंवा तीन पाकळ्यांचे किरणोत्सर्गाचे चिन्ह दिसल्यास गणक घेऊन जवळ जाऊ नये. दूर व्हावे, इतरांना दूर करावे आणि पोलिसांना कळवावे.

तुम्ही काय शिकलात?

• कोणते किरण मोजले जातील, हे नळीची भिंत ठरविते.
• विभवांतर, रोध आणि गुणक नळीशी जुळणारे असावेत.
• घरी केलेला गणक शिकण्यासाठी आहे. त्याचे मौन सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे.

पाठगत प्रश्न

१. पिशवीत ठेवलेल्या मेंटलचे कोणते किरण एसबीएम-२० मोजते? कोणते नाही? का?
२. एका मिनिटात २४ ठोके पडले, तर किरणोत्सर्ग वाढला असे म्हणता येईल का?
३. गणकाचा आकडा शून्य असूनही धोका असू शकतो. हे विधान स्पष्ट करा.