परिचर्येच्या दोन वाटा

अनुभवी परिचारिकेला पुढील शिक्षणाच्या ज्या वाटा खुल्या असतात, त्यांपैकी दोहोंची तुलना उद्बोधक आहे. पहिली प्रसूतिपरिचर्येची. भारतीय परिचर्या परिषदेचा असा स्वतंत्र अभ्यासक्रम या शतकाच्या आरंभी कोलकात्यात प्रयोगादाखल सुरू झाला. 2018 मध्ये केंद्र सरकारने 18 महिन्यांच्या शिक्षणाची योजना देशासाठी स्वीकारली. दुसरी अतिदक्षता विभागाची. तिचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम दोन वर्षांचा असतो.

पहिलीच्या हाती बहुधा निरोगी स्त्री असते. प्रसूती हा निसर्गक्रम होय. तो बिघडू लागल्याचा क्षण ओळखून वेळीच डॉक्टरांना बोलावणे, हे तिचे खरे कौशल्य. दुसरीचा रुग्ण श्वसनयंत्रावर असतो. तेथे घटकेघटकेला निर्णय करावा लागतो आणि डॉक्टरांशी आधी ठरलेल्या लेखी नियमांच्या मर्यादेत ती उपचार बदलते.

एकीला संयम हवा, दुसरीला त्वरा. परंतु ज्ञानाबरोबर अधिकारही हवा, हे तत्त्व दोघींना सारखेच लागू आहे. 1965 मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो येथे लोरेटा फोर्ड व डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी अशा शिक्षणाचा पाया घातला, तोही याच विचाराने. शिक्षण मिळाले, पण तदनुरूप पद निर्माण झाले नाही, तर परिचारिका पूर्वीच्याच कामावर परतते आणि तिच्या विद्येला रुग्ण मुकतो.