आधी लॅपटॉप उलटे करून बघ

अगं, शाळेने नववीच्या लॅपटॉपची जबाबदारी तुझ्याकडे दिली म्हणालीस, तेव्हापासून हे बोलायचं मनात होतं. फिल्टर कुठला बसवायचा ते तंत्रज्ञ बघतील. मला काळजी आहे ती एखादं पोर 'सापडेल' त्या दिवसाची.

माझ्या पहिल्या शाळेत अख्ख्या वर्गाला वाय-फायचा एकच पासवर्ड होता. एकदा लॉगमध्ये नको ती साईट दिसली. मी आयपी पत्ता लॅपटॉपच्या नंबराशी जुळवला आणि एका मुलाला वर्गात उभं केलं. तो नव्हताच गं तो. राउटर हे पत्ते ठरावीक वेळापुरतेच देतो. सकाळचा त्याचा पत्ता दुपारी दुसऱ्याच लॅपटॉपला मिळाला होता. मी वेळ ताडून पाहिलीच नाही. माफी मागितली, तीही सगळ्यांसमोर. पण वर्षभर त्या मुलाने माझ्या तासाला हात वर केला नाही.

म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन दे. कुठला लॅपटॉप कधी कोणाकडे होता, याची रोजची नोंद ठेव. सगळ्या यंत्रांची घड्याळं जुळतात ना, तेही बघ. आणि इतकं करूनही नाव दिसलं, तर आधी मुलाला एकट्याला बोलावून विचार. या वयात मुलं पासवर्ड जिवलग मित्राला देतातच.

अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या कुट्झटाउनच्या शाळेने सुमारे ६०० मुलांना लॅपटॉप दिले होते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड लॅपटॉपच्याच पाठीवर चिकटवलेला! मुलांनी तो वापरून चॅटिंगचं सॉफ्टवेअर टाकलं, काहींनी शाळेची नजर ठेवायची सोय उलट शाळेवरच वापरली. २००५ मध्ये १३ मुलांवर गंभीर फौजदारी आरोप ठेवले गेले. शेवटी समाजसेवा आणि माफीपत्रावर मिटलं. मुलं चुकलीच. पण ती चिठ्ठी कोणी चिकटवली?

त्याच राज्यात लोअर मेरियनला तर हरवलेले लॅपटॉप शोधायच्या सॉफ्टवेअरने मुलांचे घरातले फोटो टिपले. २०१० मध्ये ६,१०,००० डॉलर देऊन दावे मिटवावे लागले. तेव्हा तुम्हाला काय काय दिसतं आणि ते कोण बघतं, हे पालकांना पहिल्याच सभेत सांग, साध्या मराठीत लिहूनही दे. आणि कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, अगदी मुख्याध्यापकांनी सांगितलं तरी.

सोमवारी गेलीस की सगळे लॅपटॉप एकदा उलटे करून बघ. चिठ्ठी निघाली तर कोणावर ओरडू नकोस. पासवर्ड बदल आणि मला फोन कर.