पाणी कोठे जाते?

मुलांनो, पावसाळ्यात गच्चीवर पडणारे पाणी तुम्ही पाहिले आहे. ते पाइपातून धो धो खाली येते. पण खाली आल्यावर ते कोठे जाते, याचा शोध तुम्ही कधी घेतला आहे का?

आपल्या घरातून दोन प्रकारचे पाणी बाहेर पडते. मोरी, स्वयंपाकघर आणि संडास यांतून येणारे घाण पाणी म्हणजे सांडपाणी. गच्ची, छप्पर आणि अंगण यांवरून येते ते पावसाचे पाणी. मुंबईत या दोन पाण्यांसाठी जमिनीखाली दोन वेगळ्या वाटा ठेवल्या आहेत. सांडपाणी मलवाहिनीतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. पावसाचे पाणी पर्जन्यवाहिनीतून नाल्यात, खाडीत आणि शेवटी समुद्रात जाते.

तुम्ही म्हणाल, "पाणी ते पाणीच! दोन वाटा कशाला हव्यात?" आपण एक छोटासा हिशेब करू.

समजा, एका घराची गच्ची १०० चौरस मीटर आहे. मुंबईच्या पावसात एका तासात २५ मिलिमीटर पाऊस पडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तेवढ्या पावसाने त्या गच्चीवर २,५०० लीटर पाणी जमा होते. आता त्या घरात पाच माणसे राहतात असे समजा. प्रत्येकाला रोज १३५ लीटर पाणी लागते असे धरले, तर सर्वांना मिळून ६७५ लीटर पाणी लागते. म्हणजे ते कुटुंब जवळजवळ चार दिवसांत जेवढे पाणी वापरते, तेवढे पाणी एका तासात एकट्या गच्चीवरून खाली येते!

मलवाहिनी घरातील पाण्याच्या अंदाजाने बांधलेली असते. गच्चीचा पाइप चुकून किंवा मुद्दाम तिला जोडला, तर ती भरून वाहू लागते. पुढे जायला जागा नसली की पाणी मागे फिरते. मग ते कोठून बाहेर पडते? जी जागा सर्वांत खाली असेल तेथून! गच्ची वरच्यांची, पण घाण पाणी येते तळमजल्यावरच्या गरीब शेजाऱ्याच्या मोरीतून. त्याच्या घरात अंथरूण भिजते, धान्य नासते. जुलाब, कावीळ, विषमज्वर असे रोग पसरतात. ज्याने चूक केली त्याला मात्र काहीच कळत नाही, कारण त्याची गच्ची कोरडी असते.

अशी चुकीची जोडणी जमिनीखाली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. मग ती शोधायची कशी?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचे शहर आहे. तेथे तीन नद्या आहेत. जोराचा पाऊस आला की तेथील मलवाहिन्या भरतात आणि घाण पाणी नद्यांत जाते. म्हणून त्या भागातील अनेक गावांनी एक नियम केला आहे. घर विकायचे असेल तर आधी पाण्याची तपासणी करून घ्यावी लागते. तपासणीची रीत अगदी सोपी आहे. गच्चीवरून येणाऱ्या पाइपात आणि अंगणातील जाळीत रंगीत पाणी ओततात. मग मलवाहिनीचे झाकण उघडून पाहतात. तेथे रंग दिसला, तर जोडणी चुकीची आहे. ती तोडून पाइप योग्य ठिकाणी वळवावा लागतो. रंग दिसला नाही, तर घर तपासणीत उत्तीर्ण!

दुसरी रीत धुराची आहे. रस्त्यावरील मलवाहिनीत पंख्याने निरुपद्रवी धूर सोडतात. धूर वाट मिळेल तिकडे जातो. गच्चीच्या पाइपातून धूर वर आला, की चोर सापडला असे समजा!

रंगाने पाण्याचा माग काढण्याची ही युक्ती जुनी आहे. जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरते. ते कोठे जाते, हा लोकांना प्रश्न होता. १८७७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या पाण्यात फ्लुओरेसिन नावाचा रंग टाकला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटर दूर असलेल्या आख नदीच्या झऱ्यात हिरवे चमकदार पाणी दिसू लागले. जमिनीखालची वाट रंगाने उघड केली!

तुम्हीही आपल्या इमारतीत ही तपासणी करायला सांगू शकता. त्यासाठी पाऊस नसलेला दिवस निवडावा, म्हणजे रंग पातळ होत नाही. खाण्याचा रंग बादलीभर पाण्यात मिसळावा. ते पाणी गच्चीच्या पाइपात ओतावे आणि मागून आणखी चार-पाच बादल्या पाणी सोडावे. खाली प्लंबरने मलवाहिनीच्या चेंबरचे झाकण उघडून थोडा वेळ लक्ष ठेवावे. प्रत्येक पाइप वेगळा तपासावा.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. झाकण उघडणे हे मुलांचे काम नाही. मलवाहिनीत विषारी वायू असतो. पावसात तर कोणीही रस्त्यावरचे झाकण उघडू नये. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत रस्ते पाण्याखाली असताना एका डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. तुमचे काम पाहण्याचे, नोंद करण्याचे आणि मोठ्यांना सांगण्याचे आहे.

शेजाऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, ही शिकवण आपल्याला घरातच मिळते. आपल्या गच्चीचे पाणी कोठे जाते हे पाहणे, हाही त्या शिकवणीचाच एक भाग आहे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सांडपाणी म्हणजे काय?
(आ) रंगाच्या तपासणीसाठी कोरडा दिवस का निवडावा?

२. कारण सांगा : वरच्या गच्चीचे पाणी तळमजल्यावरील घरात शिरते.

३. हिशेब करा : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १०० चौरस मीटर गच्चीवर त्या दिवशी किती लीटर पाणी पडले असेल?

४. आपल्या इमारतीतील गच्चीचे पाइप कोठे जातात ते पाहा व पाच वाक्ये लिहा.