मर्यादेची पायवाट

उद्यान म्हटले की आखीव ताटवे, छाटलेली कुंपणे आणि झारी घेऊन फिरणारा माळी डोळ्यांसमोर उभा राहतो. परंतु स्वित्झर्लंडच्या आग्नेय कोपऱ्यात, आल्प्स पर्वताच्या कुशीत, असे एक उद्यान आहे की जेथे माळी नाही. तेथे वाळलेले झाड कोणी तोडीत नाही, कोसळलेले कोणी उचलीत नाही, गवत कोणी कापीत नाही आणि शिकारही कोणी करीत नाही. सुमारे १७० चौरस किलोमीटरांच्या या भूमीला स्विस राष्ट्रीय उद्यान असे नाव आहे. आल्प्समधील राष्ट्रीय उद्यानांत ते सर्वांत जुने होय.

१९०९ साली निसर्गरक्षणाची तळमळ असलेल्या काही विद्वानांनी या कामासाठी एक संस्था काढली. वर्षाला केवळ एक फ्रँक एवढीच तिची वर्गणी होती. अशा लहानलहान देणग्यांतून खोरी भाडेपट्ट्याने घेण्यात आली आणि १ ऑगस्ट १९१४ रोजी उद्यान अस्तित्वात आले. त्याच दिवशी जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. युरोप शस्त्र उचलीत असताना या लहानशा भूमीपुरते तरी माणसाने आपले शस्त्र खाली ठेवले.

या उद्यानातून जाणारी मार्गुनेट खिंडीची वाट फार लोकप्रिय आहे. ती एका खोऱ्यातून वर चढते, खिंड ओलांडून दुसऱ्या खोऱ्यात उतरते आणि वळसा घेऊन पुन्हा आरंभस्थानाजवळ येते. चढ पाचशे मीटरांच्या आसपास असून धडधाकट माणसाला ती तीन-चार तासांत सहज पुरी करता येते.

वाटेचा आरंभ इल फुओर्न या ठिकाणाजवळ होतो. तेथील रोमान्श भाषेत या नावाचा अर्थ ‘भट्टी’ असा आहे. पूर्वी येथे लोखंड गाळण्याच्या भट्ट्या धडधडत होत्या. त्यांच्या कोळशासाठी आणि दूरच्या टिरोल प्रांतातील मिठागरांच्या सरपणासाठी या डोंगरांवरची अरण्ये कापली गेली. उघड्या पडलेल्या उतारांवर पुढे डोंगरी पाइन वृक्षांनी मूळ धरले. आज पथिक ज्या शांत, गर्द वनातून चालतो, ते कुऱ्हाडीच्या घावांवर निसर्गाने घातलेले पांघरूण आहे. वनात जागोजाग मेलेली झाडे आडवी पडलेली दिसतात. नवख्याला तो गबाळेपणा वाटतो. परंतु त्याच खोडांत किडे घर करतात, त्या किड्यांवर सुतार पक्षी जगतात आणि कुजलेल्या लाकडाची माती होऊन तीत नवे रोप उगवते.

वाटेवर पांढऱ्या-तांबड्या-पांढऱ्या रंगाच्या खुणा आहेत. ही वाट सोडून एक पाऊलही बाजूला टाकावयाचे नाही, असा येथील नियम आहे. फूल तोडावयाचे नाही, दगड उचलावयाचा नाही, विस्तव पेटवावयाचा नाही. कुत्र्याला तर साखळीला बांधूनही आत नेता येत नाही. बसावयाचे ते नेमून दिलेल्या जागीच. प्रथम हे बंधन जाचक वाटते. परंतु थोडे वर गेल्यावर त्याचे फळ डोळ्यांना दिसते. माणूस ठराविक रेषेवरूनच जातो, हे वन्य प्राण्यांना कळून चुकलेले असते. म्हणून शॅम्वा नावाच्या रानशेळ्या समोरच्या उतारावर निर्धास्तपणे चरत राहतात.

वृक्ष मागे पडतात, करड्या दगडांची घसरण लागते आणि वाट २३२८ मीटर उंचीवरील मार्गुनेटच्या माथ्यावर पोहोचते. पलीकडच्या खोऱ्यातील एका कड्याची कथा मात्र मन अस्वस्थ करणारी आहे.

आल्प्समध्ये दाढीवाले गिधाड नावाचा महाकाय पक्षी पूर्वी विपुल होता. हा पक्षी हिमालयातही आढळतो. त्याच्या पंखांचा विस्तार पावणेतीन मीटरांपर्यंत भरतो. मेलेल्या जनावरांची हाडे हे त्याचे मुख्य अन्न. मोठे हाड तो उंचावरून खडकावर टाकून फोडतो. परंतु तो कोकरे पळवितो, इतकेच नव्हे तर मुलांनाही उचलून नेतो, अशी लोकांची समजूत झाली. त्याला मारणाऱ्यास बक्षिसे मिळू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभी आल्प्समधून तो नाहीसा झाला. उद्यान झाले, बंदुका थांबल्या. पण गिधाड परतले नाही.

येथे रक्षकांपुढे पेच उभा राहिला. निसर्गात हात घालावयाचा नाही, हे तर उद्यानाचे ब्रीद! परंतु माणसाने केलेला अन्याय निसर्गाने एकट्यानेच का निस्तरावा? अखेर १९९१ पासून या खोऱ्यातील कड्याच्या कपारीत, बंदिवासात जन्मलेली, अद्याप उडू न शकणारी पिले आणून ठेवण्यात येऊ लागली. त्यांना माणसाची सवय लागू नये म्हणून अन्न ठेवणारे त्यांच्या दृष्टीआड राहत. २००७ पर्यंत अशी २६ पिले येथून आकाशात झेपावली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये या गिधाडांच्या मोकळ्या रानातील घरट्यांतून प्रथमच पिले बाहेर पडली. रक्षकांनी मग उद्यानात पिले आणणे थांबविले. चूक सुधारण्यापुरताच हात पुढे केला आणि काम होताच तो मागे घेतला.

खिंडीतून उतरताना मार्मोटांची शीळ ऐकू येते आणि खाली एक हिरवे कुरण लागते. १९१४ पूर्वी येथे उन्हाळ्यात गुरे चरत. ती गेल्यावर रान लवकरच कुरण गिळून टाकील, अशी अटकळ होती. परंतु लाल हरणे आली आणि त्यांनी गवत चरून कुरण मोकळेच ठेवले. शास्त्रज्ञ १९१७ पासून उद्यानातील ठराविक तुकड्यांत खुंट्या ठोकून तेथील वनस्पतींची पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवीत आले आहेत. ते बदल घडवीत नाहीत, बदल पाहतात.

शेवटी वाट वळून पुन्हा रस्त्याला मिळते. पथिकाच्या हाती एखादे फूलही नसते. परंतु त्याने न तोडलेले फूल मागून येणाऱ्यासाठी जागच्या जागी डुलत असते. बळाने घेणे सोपे असते. हात आवरणे ही मात्र मोठी विद्या आहे.

शब्दार्थ
पेच – अडचण, कोडे. ब्रीद – निष्ठेने पाळावयाचे तत्त्व. निस्तरणे – बिघडलेले सावरणे. अटकळ – अंदाज.

स्वाध्याय
१. इल फुओर्न या नावावरून त्या प्रदेशाचा कोणता पूर्वेतिहास कळतो?
२. वाट न सोडण्याच्या नियमाने वन्य प्राण्यांचा कोणता लाभ होतो?
३. रक्षकांपुढे कोणता पेच होता? त्यांनी तो कसा सोडविला? त्यांचे करणे योग्य होते काय? सकारण लिहा.
४. ‘ते बदल घडवीत नाहीत, बदल पाहतात.’ या वाक्याचे स्पष्टीकरण करा.