आधी पाना, मग बाणा

भाच्या, लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या विमानपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग रेस बघून आलास, तेव्हापासून घरात चहा ढवळतानाही तोंडाने गिअर टाकतोस म्हणे. तुझी आई सांगत होती. सरळ पट्टी, ४०२ मीटर, म्हणजे पाव मैल. हौस चांगली आहे, पळव. मी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत डंपरच्या वर्कशॉपात नोकरी केली, आणि मोटरसायकलवर करण्यासारख्या बहुतेक चुका तुझ्या वयात करून बसलो. त्यामुळे बाइकला हात लावायच्या आधी एवढं वाच.

१. बैहरचा रस्ता रात्री कितीही मोकळा दिसो, तिथे शर्यत लावायची नाही — वळणापलीकडे गाय बसलेली असते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

२. नाव नोंदवण्याआधी विचार: एफएमएससीआयची, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाची, परवानगी आहे का, अँब्युलन्स आणि बंब कुठे उभे राहणार — असं विचारल्यावर जो आयोजक चिडतो, त्याने तो विचार केलेलाच नसतो.

३. नियमपत्रिका पेन्सिल घेऊन दोनदा वाच — पहिल्या वाचनात तू फक्त बक्षीस आणि वेळापत्रक बघणार, मला ठाऊक आहे.

४. हेल्मेट तोंड झाकणारं, पट्टा घट्ट, आणि आतलं मानकाचं लेबल शाबूत. ओट्यावरून एकदा पडलं तरी बदल — बाहेर ओरखडा नसला तरी आतला थर्माकोल एकदाच दबतो, पुन्हा फुगत नाही.

५. कातडी जॅकेट, हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट — जीन्सचं कापड डांबरावर क्षणात फाटतं, त्यानंतर घासते ती कातडी तुझी.

६. ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळून सोड. ती आपोआप, टकदिशी मागे आली पाहिजे. हँडल दोन्ही टोकांना वळवूनही हेच बघ — माझी केबल हँडल वळवलं की ताणायची, आणि मला ते माहीत होतं. ‘रविवारी बघू’ म्हणत तीन रविवार घालवले, चौथ्या रविवारी नाल्यात पडलो, खांद्याचं हाड मोडून. तुझ्या आजीने सव्वा महिना मला भरवलं. रविवारवर ढकललेलं काम सोमवारी दवाखान्यात भेटतं, बाळा.

७. इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी अंगाला बांध, आणि ती ओढली की इंजिन खरंच मरतं का ते घरी बघ — तू पडलास तरी गाडीला कळत नाही, ती पळतच राहते.

८. नट योग्य टॉर्कला आवळून झाला की नट आणि त्याच्या बैठकीवर मिळून रंगाची एक रेघ ओढ — रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

९. हवा टायर थंड असतानाच माप — टायर दहा अंशांनी तापला तरी दाब दीडेक पीएसआयने चढतो, आणि तू चुकीच्या आकड्यावर खूश होतोस. व्हॉल्व्हला टोपी धातूची लाव.

१०. ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार गुंफ. पळताना गळती लागली तर रेषेपर्यंत जायचा हट्ट सोडून कडेला ये — तेल सांडतं एकाचं, पाय घसरतो दुसऱ्याचा.

११. स्क्रुटिनीला मान खाली घालून नव्हे, हात पुढे करून जा. तपासणारा एखादी खोट काढेल तर आभार मान — खाणीत शिफ्ट सुरू होण्याआधी डंपरभोवती फेरी मारायची असते. मला पहिलं वर्ष तो वेळेचा अपव्यय वाटला. मग एका पहाटे त्याच फेरीत ब्रेकच्या पाइपाखाली ओलं दिसलं, आणि तो डंपर भरून उतारावर जाणार होता. त्या दिवसापासून दुसऱ्याचा डोळा मला कधी परका वाटला नाही.

१२. बर्नआउट, म्हणजे मागचं चाक जागीच फिरवून टायर तापवणं, ठरवून दिलेल्या जागीच, मार्शलने हात केल्यावर — मागे उभा असलेला माणूस तुला आरशात दिसत नाही, कारण आरसे तू आधीच काढलेले असतात.

१३. दिव्यांकडे बघ, शेजाऱ्याकडे नको, आणि हिरव्याआधी हलू नकोस — तुझ्या धावेचं घड्याळ चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून सुटल्यावरच चालू होतं. उशिरा सुटलास म्हणून तुझी धावेची वेळ बिघडत नाही. आधी सुटून लाल दिवा लागला की मात्र ती फेरी गेली.

१४. थांबायची जागा आदल्या दिवशी पायी चालून ये. ब्रेक कुठे लावायचा ती खूण मनात ठेव — ताशी १५० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ ४२ मीटर, विचार करेपर्यंत गावाची वेस ओलांडलेली असते. २००८ मध्ये अमेरिकेत ड्रॅग रेसर स्कॉट कलिटा पट्टीवरच्या अपघातात गेला. त्यानंतर तिथल्या संस्थेने सर्वांत वेगवान दोन वर्गांसाठी पाव मैल सोडून १,००० फूट केले, थांबायला जागा वाढावी म्हणून. एवढ्या मोठ्या लोकांनी पट्टी आखूड केली, तर तू एक सेकंद आधी मूठ सोडायला का लाजावंस?

१५. थांबल्यावर पट्टीवरून उलटा कधीच यायचं नाही, परतीच्या वाटेनेच ये — समोरून पुढची जोडी सुटलेली असते. आडवं वळण्याआधी तुझ्या शेजारून सुटलेला दुसरा कुठे आहे ते बघ.

१६. बाइक पिकअपमध्ये घाल, चालवत नेऊ नकोस. गोंदिया, नागपूर करत लोणावळ्याला पोचलास की सगळे नट पुन्हा तपास आणि झोप काढ — रस्त्याच्या हादऱ्यांनी नट सैल होतात, जागरणाने नजर.

१७. माझा टॉर्क पाना नेतोयस तर वापरून झाल्यावर त्याचं माप सर्वांत खाली आणून डब्यात ठेव — आतली स्प्रिंग दाबून राहिली की तो खोटं बोलायला लागतो, आणि मला तो दिवाळीआधी परत हवा आहे.